शिशिरातील गारा

माळशिरस हे नाव उच्चारले की वाचकांच्या मनश्चक्षूंपुढे जे चित्र उभे राहते, त्यात बर्फाला जागा असण्याचे काही कारण नाही. आषाढात ज्ञानोबा माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने पंढरीस जाते. सदाशिवनगरला आणि खुडूसला रिंगण होते. वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर ऊस, केळी आणि कारखान्यांची धुराडी. जेथे ते पोहोचत नाही त्या पिलीवकडच्या माळावर कुसळे, बाभळी आणि मेंढरे. सोलापूर जिल्ह्याचा हा पश्चिम भाग पर्जन्यछायेतला. येथील माणूस आभाळाकडे पाहतो तो पाणी मागण्यासाठी. त्याच आभाळातून जे मागितले नव्हते ते घनरूपाने कसे कोसळले, हे आम्ही त्या तालुक्यात धर्मगुरू म्हणून राहत असताना पाहिले. ते २०१४ चे वर्ष होते.

मार्च म्हणजे उन्हाळा, असे शहरातला माणूस मानतो. आपल्या पंचांगाचे मत निराळे आहे. माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने, म्हणजे हिवाळ्याचे शेवटचे पर्व. त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीस आली, फाल्गुन २ मार्चला लागला आणि आमचा राखेचा बुधवार ५ मार्चला होता. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर वादळी पाऊस आणि गारा यांचे जे सत्र चालले, ते या साऱ्या तिथींना वेढून बसले होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र असे करीत राज्यातील २८ जिल्ह्यांना त्याची झळ पोहोचली. गारपीट आपल्याकडे नवी नाही. परंतु ती एखाद्या दुपारी, एखाद्या शिवारावर, दहा-पंधरा मिनिटे पडावी आणि लोकांनी पुढे दहा वर्षे तिच्या गोष्टी सांगाव्यात, असा तिचा रिवाज. दोन आठवडे मुक्काम ठोकणारी गारपीट आमच्या भागातील ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांनीही पाहिली नव्हती.

शिवाय मागचे वर्ष दुष्काळाचे गेले होते. २०१२-१३ मध्ये सोलापूर, सातारा, सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत चारा छावण्या उघडल्या होत्या. आमच्या ओळखीची कुटुंबे जनावरांसह छावणीत राहून आली होती; त्यांची मुले तेथूनच शाळेत जात. २०१३ चा पावसाळा बरा झाला. विहिरींना पाणी आले, रब्बी साधली. कर्जाचा एखादा हप्ता फिटेल, एखाद्या मुलीचे लग्न उरकेल, असे हिशेब घरोघर मांडले जात होते. हे एवढ्यासाठी सांगितले की, गारा कोणत्या पिकावर पडल्या हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या कोणत्या वर्षानंतर पडल्या हेही महत्त्वाचे आहे.

त्या पहिल्या आठवड्यात रानात काय उभे होते? शाळू काढणीला आला होता. आमच्या भागात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. उपटून ओळीने आडवी टाकतात, चार दिवस वाळू देतात आणि मग बायका बसून कणसे खुडतात. निम्म्या रानांत ज्वारी उभी, निम्म्यांत अशी आडवी पडलेली. गहू पिवळा पडत होता, हरभऱ्याचे घाटे भरले होते. डाळिंबाच्या बागांत हस्त बहाराची फळे उतरणीच्या बेतात होती आणि ज्यांनी आंबे बहार धरला होता त्यांच्या झाडांवर लाल फुले आणि सुपारीएवढी फळे लागली होती. आंब्याला मोहोर होता. निसर्गाला जर सर्वांत महागडा आठवडा निवडायचा असता, तर त्याने हाच निवडला असता.

आकाश दोन-तीन दिवस गढूळ होते. अधूनमधून शिंतोडे येऊन गेले होते. राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्सेला आलेल्या बायाबापड्यांच्या कपाळी राख लावीत असता लोकांचे लक्ष दाराबाहेर आहे हे आम्हांला जाणवत होते. उपासनेनंतर कोणी रेंगाळले नाही. ज्याची ज्वारी पडली होती तो पेंढ्या बांधायला धावला.

मोठी गारपीट त्यानंतर दोन-चार दिवसांनी झाली. दुपारचे चार वाजले असतील. उकाडा असा की वैशाख वाटावा. मग वारा एकाएकी थांबला आणि पश्चिमेकडे, शिखर शिंगणापूरच्या डोंगरांच्या अंगाला, एक ढग उभा राहिला. उभा राहिला हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत; पावसाळ्यातले ढग पसरतात, हा वर वर चढत होता. त्याचा खालचा भाग शिसवी काळा, मधला हिरवट. मिशनघराच्या आवारात बोरीखाली शेळ्या बांधलेल्या होत्या, त्या ओरडू लागल्या. आमच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या मावशींनी वाळत घातलेल्या कुरडया गोळा केल्या आणि म्हणाल्या, "फादर, ह्यो पाऊस न्हवं."

प्रथम आवाज आला. खडी भरलेली मालमोटार दूर कोठेतरी रिकामी होत असावी तसा. मग वाऱ्याचा लोट, धूळ, आणि त्यामागून पहिल्या गारा टप्प टप्प पडल्या. हरभऱ्याएवढ्या. पोरे अंगणात धावली. गारा वेचून तोंडात घालण्याचा आनंद आमच्याही बालपणाच्या वाट्यास आलेला होता, म्हणून आम्ही त्यांना क्षणभर अडवले नाही. पण दुसऱ्याच मिनिटाला गारांचा आकार बदलला. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. एका मुलाच्या कानशिलावर एक बसली आणि तो मटकन खाली बसला. मावशींनी डोक्यावर घमेले धरून त्याला ओढून आत आणले; त्या घमेल्यावर जो कडकडाट झाला तो अजून आमच्या कानांत आहे. ओट्यावर आम्ही पंधरा-वीस जण भिंतीला चिकटून उभे होतो. एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलले तरी ऐकू येत नव्हते. शाळेच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे होते, ते एकामागून एक फुटले. प्रार्थनामंदिराच्या मंगलोरी कौलांचे तुकडे उडून अंगणात पडत होते. हे सारे वीस-पंचवीस मिनिटे चालले असावे. घड्याळ कोणी पाहिले नाही.

थांबले तेव्हा प्रथम जाणवला तो वास. चेचलेल्या पाल्याचा, ओला, हिरवा, उग्र वास. कडुनिंब, बोर, शेवगा, जे जे झाड आवारात होते त्याची पाने जमिनीवर होती आणि फांद्या उघड्या. जमीन पांढरी झाली होती. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिले नाही अशी माणसे घोट्याएवढ्या गारांतून अनवाणी चालत आपापल्या रानाकडे निघाली. बोरीखाली पोपट, चिमण्या, साळुंक्या मरून पडल्या होत्या. दोन वटवाघळेही होती. मुलांनी त्या गोळा करून एका टोपलीत भरल्या आणि त्यांचे काय करावे हे विचारायला आमच्याकडे आली. कोपऱ्यात खड्डा खणून त्या पुरल्या.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, ती घरांविषयी. सोलापूरकडची जुनी घरे माळवदाची असतात. जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या वा काटक्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्यांना ज्यांना शक्य झाले त्यांनी माळवद उतरवून पत्रा घातला, कारण माळवदाला दरसाल पांढरी माती चोपावी लागते. त्या दुपारी पत्र्याच्या घरात माणसांनी गोधड्या अंगावर घेऊन खाटांखाली आसरा घेतला, आणि माळवदाखालच्या एका आजीबाईंनी, त्यांच्याच शब्दांत, चहा करून प्याला. अर्थात दोन दिवस सलग पाऊस झिरपल्यावर त्यांचेही माळवद गळू लागले. तेव्हा आम्ही माळवदाचा प्रचार करीत नाही. जे पाहिले ते सांगतो.

रात्री वीज नव्हती. तारा तुटल्या होत्या, खांब वाकले होते. गारा वितळू लागल्या तसा जमिनीतून असा गारठा उठला की डिसेंबरात कधी अनुभवला नव्हता. माण तालुक्यातून आलेल्या एका मेंढपाळाचा कळप कालव्याखालच्या रानात खतासाठी बसवलेला होता. मोठी मेंढरे लोकरीने वाचली; कोकरे आणि नुकती कातरलेली मेंढरे गेली. काही गारांच्या माराने, काही रात्री थंडीने. तो मनुष्य कंदील घेऊन आमच्या दाराशी आला. आमच्याकडील सारी पोती आणि दोन सतरंज्या आम्ही त्याला दिल्या. सकाळी जाऊन पाहिले तो त्याच्या बायकोने चार कोकरे पोत्यांत गुंडाळून स्वतःच्या पालात, चुलीशी निजवली होती. तिची स्वतःची मुले पालाच्या तोंडाशी होती.

गारा पडतात कशा, हे त्यानंतर लोकांनी आम्हांला पुष्कळदा विचारले. धर्मगुरूला हवामानशास्त्र येत असावे असा ग्रामीण समज आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकलो. वातावरणाचे शिक्षण आम्हांला गारांनीच दिले. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, आमच्यापासून फार दूर नाही. तेथील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी या गारपिटीवर एक पुस्तिका काढली. थोडक्यात प्रकार असा. त्या सुमारास उत्तरेकडून येणारी कोरडी थंड हवा नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेस उतरली होती, आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींकडून दमट हवा महाराष्ट्रावर येत होती. खाली उष्ण-दमट, वर थंड-कोरडे, अशी रचना झाली की खालची हवा उसळी मारून वर जाते. जमिनीपासून सुमारे चार किलोमीटरांवर पाणी गोठते. ढग त्याच्या तिप्पट उंच गेला, की त्यातील थेंब गोठतात, त्यांवर पाण्याचे लेप चढतात, वरचा झोत त्यांना खाली पडू देत नाही, आणि वजन झोताला पेलेनासे झाले की ती गार सुटते. गार मधोमध फोडली तर पांढरे आणि पारदर्शक असे थर दिसतात. लिंबाएवढी गार ताशी चाळीस ते पासष्ट किलोमीटर वेगाने येते. १८८८ साली ३० एप्रिल रोजी मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने झालेली ती सर्वाधिक प्राणहानी आहे. कानशिलावर गार बसलेला आमचा मुलगा दोन टाक्यांवर सुटला, याचे मोल आम्हांला हे वाचल्यावर अधिक कळले.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागांत ध्रुवीय थंडीने कहर केला होता. फेब्रुवारीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर वादळांनी डॉलिश येथील समुद्रालगतचा लोहमार्ग उखडून रूळ हवेत लोंबत ठेवले होते. ती चित्रे आम्ही वृत्तपत्रांत पाहिली होती आणि आपण उष्ण कटिबंधातले म्हणून पान उलटले होते.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंची मात्र निराळी तक्रार होती. "फादर, घंटा का न्हाई वाजवली?" त्यांच्या लहानपणी, त्यांच्या माहेरच्या मिशनात, ढग भरून आले की जुने पाद्रीबाबा घंटा वाजवायला लावीत. बाईंच्या आठवणीला इतिहासाचा आधार आहे. युरोपात शेकडो वर्षे गारा आणि विजा यांच्यावर उपाय म्हणून चर्चच्या घंटा वाजवल्या जात. आपण विजांना मोडतो, असा दावा करणारी लॅटिन अक्षरे त्या घंटांवर ओतलेली असत. पुढे उंच मनोऱ्यात ओला दोर धरून उभे असलेले घंटा वाजवणारेच विजेने मरू लागले, तेव्हा अठराव्या शतकात ठिकठिकाणी ही चाल बंद पाडावी लागली. मग शास्त्रयुग आले, आणि १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात, आज जो भाग स्लोव्हेनियात आहे तेथे, आल्बर्ट स्टिगर नावाच्या द्राक्षबागाईतदार नगराध्यक्षाने घंटेच्या जागी तोफ आणली. उलट्या कर्ण्यासारख्या नळकांड्यांतून आकाशात धुराची वर्तुळे सोडायची. इटलीतील बागाईतदारांनी अशा हजारो तोफा उभारल्या. काही वर्षांनी सरकारी चाचण्या झाल्या, आणि तोफांच्या डोक्यावर गारा पूर्वीसारख्याच पडतात असे दिसून आले.

आपल्याकडेही याचा जोड आहे. नागपूरकडील मराठी मुलखात गारपगारी नावाची एक जातच होती. गारांपासून गावाचे रक्षण करणे हे तिचे वतनी काम. आभाळ फिरले की गारपगारी मारुतीपुढे उभा राहून गाऱ्हाणे घाली, आणि गाव त्याला सुगीला धान्य देई. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची माहिती आहे. तोवर त्यांची मिळकत आटू लागली होती. घंटा, तोफ, गारपगारी. हसू येते खरे. पण ज्या माणसाने सारे वर्ष एका रानात पुरले आहे त्याला हात जोडून बसवत नाही, काहीतरी करावेसे वाटते, एवढे आम्ही समजू शकतो. बाईंना आम्ही सांगितले की, घंटेचा दोर त्या वेळी आमच्या हाती असता तर आज पंचनाम्यात आमचेही नाव लागले असते. त्या हसल्या नाहीत.

त्या आठवड्यातील सायंप्रार्थनेस आम्ही निर्गमाच्या पुस्तकातील नववा अध्याय घेतला. मिसर देशावर आलेली सातवी पीडा गारांची. हा उतारा निवडताना मनात धाकधूक होती. आपल्यावर देवाचा कोप झाला असा अर्थ कोणी काढील की काय! परंतु श्रोत्यांचे लक्ष भलत्याच ठिकाणी गेले. तेथे असे म्हटले आहे की सातू कणसावर आला होता आणि जवस बोंडावर, म्हणून ती दोन्ही पिके गेली. गहू मात्र मागास होता म्हणून वाचला. मागे बसलेला एक वाटेकरी शेतकरी प्रार्थना संपल्यावर म्हणाला, "फादर, हे लिवणारा रानातला माणूस असला पायजे. पीक कंच्या वक्ताला हाय हे त्यानं आदी बघितलंय." ईश्वरविद्येच्या वर्गांत या अध्यायावर आम्ही पुष्कळ ऐकले होते, हे ऐकले नव्हते. ईयोबाला परमेश्वर गारांच्या भांडारांविषयी विचारतो, तेही आम्हांला त्या रात्री आठवले. ईयोबाकडे उत्तर नव्हते, आणि आमच्याकडेही त्या लोकांसाठी नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर ज्वारी वेचायला गेलो.

हा जो वाटेकरी, त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आमच्या लोकांपैकी बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. असली तर माळावरची एखाद-दुसरी एकर. ते दुसऱ्याचे रान निम्म्या वाट्याने करतात. या गृहस्थाकडे कालव्याखालची तीन एकर होती. मालक पुण्यास स्थायिक. बी-खत मालकाने आणायचे आणि त्यातील निम्मे पैसे सुगीला वळते करायचे, मेहनत सारी वाटेकऱ्याची, असा तोंडी करार. तीन एकर शाळूपैकी निम्मा उभा होता, तो गारांनी झोडपून जमिनीला चिकटला. निम्मा उपटून टाकलेला होता, तो गारांखाली आणि मग पाण्यात राहिला. दाणे काळे पडले, काहींना मोड आले. कडबा काळा पडला. काळ्या कडब्याला गिऱ्हाईक नसते. मागच्या वर्षी छावणीत राहिलेल्या त्याच्या दोन गाई आणि बैल त्याच कडब्यावर जगायचे होते.

सरकारने त्या महिन्यात चार हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. लोकसभेच्या निवडणुका ५ मार्चलाच घोषित झाल्या होत्या, म्हणजे नेमक्या आमच्या राखेच्या बुधवारी, त्यामुळे आचारसंहितेच्या चौकटीत निवडणूक आयोगाची अनुमती घ्यावी लागली. दर हेक्टरी कोरडवाहूस १०,००० रुपये, बागायतीस १५,००० आणि फळबागेस २५,०००, तेही दोन हेक्टरांपर्यंत. निम्म्याहून अधिक पीक गेले असेल तरच मदत. ही अट २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आली. पंचनामे सुरू झाले. उपटून टाकलेले पीक हे उभे पीक धरावे की नाही यावर आमच्या वाटेकऱ्याच्या बांधावर पाऊण तास खल झाला. आलेला कर्मचारी वाईट मनुष्य नव्हता. त्याच्याकडे वीस गावे होती आणि तीन रात्री तो झोपला नव्हता. अखेर त्याने तीनही एकर नोंदवली. नाव मात्र सातबाऱ्यावरचे, मालकाचे लागले.

सातबाऱ्यावर वाटेकऱ्याचे नाव का नसते, हे शहरातील वाचकांस सांगितले पाहिजे. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणारा तो मालक ठरला, आणि हजारो कुळांना जमिनी मिळाल्या. फार मोठे काम झाले. पण त्याची आठवण जमीनमालकांच्या मनात इतकी खोल आहे की आज कोणी मालक पीकपाहणीच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव चढू देत नाही. करार कागदावर येत नाही. ज्या कायद्याने आजोबाला जमीन दिली, त्याच्याच धाकाने नातवाचे नाव कागदावरून पुसले गेले. गारा दोघांच्या पिकावर पडतात. मदत एकाच्या खात्यावर.

मालकाच्या खात्यात अठरा हजार रुपये जमा झाले. आम्ही त्यांना पत्र लिहिले, मग दूरध्वनी केला, आणि ते गावी आले तेव्हा भेटलो. सभ्य, निवृत्त गृहस्थ. त्यांनी आम्हांला चहा दिला. त्यांचे म्हणणे असे की मदत जमिनीची आहे, पिकाची नाही. आम्ही म्हटले, जमीन तर तेथेच आहे. ते विचारात पडले. मग निम्मे द्यायला तयार झाले, पण बी-खताचे वाटेकऱ्याकडून यायचे तीन हजार कापून. आमचे म्हणणे असे होते की पीकच आले नाही तर त्या वर्षीच्या बी-खताची वसुली न्याय्य नाही. हा मुद्दा ताणून धरायचा असे आम्ही ठरवले होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या वाटेकऱ्याने आमच्या बाहीला हलकेच हात लावला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "फादर, तुमी बोलताय ते बराबर हाय. पर जास्त ताणू नका. पुढल्या साली रान दुसऱ्याला देतील." त्याने सहा हजार घेतले. त्यांतील दोन हजारांचा कडबा आणला. पुढच्या वर्षी रान त्याच्याकडेच राहिले. यात जिंकले कोण याचा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडून पाहिला आहे. तो जुळत नाही, आणि जुळवून दाखवण्याचा आमचा हेतूही नाही. २०१६ साली आलेल्या नव्या पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची भरपाई ठेवली गेली, नुकसान ७२ तासांच्या आत कळवावे लागे, आणि कुळाने किंवा भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही विमा काढता येतो. फक्त कागद पाहिजे.

दुसरी गोष्ट डाळिंबवाल्याची. हा आमच्या धर्मग्रामातला नव्हे. मिशनघराच्या पलीकडचा शेजारी. दोन एकर बाग, ठिबक, तीन ठिकाणचे कर्ज. हस्त बहाराची फळे आठवडाभरात व्यापारी नेणार होता. गारांनी फळे फुटली ती फुटली. पण खरी भीती पुढची. डाळिंबाच्या खोडाला, फांदीला जखम झाली की तेल्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे या रोगाशी झुंजत आहेत. बागेतील प्रत्येक झाडाच्या पश्चिमेकडच्या अंगाची साल सोलून निघाली होती. तो मनुष्य दिवसभर त्या झाडांमधून फिरे, बोलत नसे, जेवत नसे. वृत्तपत्रांत त्या दिवसांत गारपीटग्रस्त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. त्याच्या भावाने एका रात्री येऊन आमचे दार वाजवले आणि दारातच उभा राहून एवढेच म्हणाला की, फवारणीची औषधे त्याने उचलून आपल्या घरी नेली आहेत.

त्या रात्रीपासून आम्ही चार-पाच जण आळीपाळीने त्याच्या बागेतील खोपीत झोपायला जाऊ लागलो. भाऊ, एक शाळामास्तर, एक किराणा दुकानदार, आमचा वाटेकरी आणि आम्ही. बाग राखायला, असे निमित्त. राखायला तेथे काही उरले नव्हते, हे त्यालाही दिसत होते. कोणी उपदेश केला नाही. मास्तर जुन्या दुष्काळांच्या गोष्टी सांगत. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर त्याच्या वडिलांनी कसा मुक्काम केला ते सांगत. दुकानदार घोरत असे. आम्ही रोजची प्रार्थना मनातल्या मनात म्हणत असू. पहिल्या आठवड्यात तो उत्तर देत नसे. दुसऱ्या आठवड्यात एके रात्री, कोणी काही विचारले नसताना, झाडाला किती फांद्या ठेवून बाकीच्या छाटाव्यात याविषयी तो अर्धा तास बोलला. होळी त्या मुक्कामातच झाली.

तिसरा आठवडा संपत आला असता तो म्हणाला, "उद्यापासून कुणी येऊ नका. तुमच्या च्याला दूध पुरवता पुरवता बायको कावलीय." भावाने औषधे मात्र आणखी महिनाभर आपल्याच घरी ठेवली.

१७ एप्रिलला आमच्या माढा मतदारसंघात मतदान होते आणि तोच आमचा पवित्र गुरुवार. सकाळी मतदानाला जाताना पाहिले तो बागेत करवती चालू होत्या. जखमी फांद्या कापून बांधावर रचल्या होत्या आणि खोडांना चुना-मोरचुदाचा निळा लेप लावणे चालले होते. मृग बहार त्याने धरला नाही; झाडांना विश्रांती दिली. आमची बदली झाली तेव्हा बागेला नवी फूट आली होती. पुढे दूरध्वनीवर कळले की त्याने काही ओळींवर गाररोधक जाळी बसवली. साऱ्या बागेवर का नाही, असे आम्ही विचारले, तर म्हणाला, जाळीचा भाव ऐकलाय का फादर!